पर्जन्याचे ऋण आणि गृहस्थाचा उत्सर्ग

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक चक्र वर्णिले आहे. प्राणिमात्र अन्नापासून होतात, अन्न पर्जन्यापासून होते, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो. या चक्राच्या थोडे अलीकडे भगवान आणखी एक कठोर गोष्ट सांगतात. देवांनी दिलेले भोग त्यांना परत काहीच न देता जो एकटा भोगतो, तो चोरच होय. गीतेची वाणी सामान्यतः सौम्य आहे. तिने येथे ‘चोर’ हा शब्द वापरावा, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात येते. दुसऱ्याच्या घरात शिरून धन नेतो तोच चोर, अशी लोकांची समजूत असते. परंतु येथे स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या वाट्याला आलेले अन्न खाणाराही त्या नावास पात्र ठरू शकतो. कारण, जे आले ते कोठून आले याचे त्याला स्मरण नाही, आणि परत द्यावयाचे असते याचे भान नाही.

या चक्रातील पर्जन्य हा दुवा प्रत्येक गृहस्थाच्या अगदी माथ्यावर येऊन पडतो. ज्येष्ठ सरला की त्याच्या घराच्या छपरावर पाऊस पडू लागतो, पागोळ्या वाहतात, पन्हळीतून पाणी अंगणात येते, अंगणातून गटारात जाते आणि गटारातून दिसेनासे होते. छप्पर त्याचे, पन्हळ त्याची. मग ते पाणी कोणाचे? ते साठवावे की जाऊ द्यावे? आणि साठविले तर ते कोणासाठी? प्रश्न घरगुती दिसतो खरा, परंतु त्याच्या पोटात संग्रह आणि अपरिग्रह, कर्म आणि फल, स्वार्थ आणि लोकसंग्रह हे गीतेतील सर्व मोठे प्रश्न दडलेले आहेत.

हा विचार काशीक्षेत्राच्या संदर्भात केल्यास अधिक उद्बोधक होतो. काशीत पाण्याचा प्रश्न काढणे हेच प्रथमदर्शनी विचित्र वाटते. ज्या नदीला भगवंतांनी दहाव्या अध्यायात प्रवाहांमधील आपली विभूती म्हटले, ती जाह्नवी जेथे उत्तरवाहिनी होऊन वाहते, तेथे छपरावरचे पाणी घागरीत धरण्याचा खटाटोप कोणी का करावा? तरीही वस्तुस्थिती अशी की, श्रावण-भाद्रपदात ज्या नगरीचे घाट पाण्याखाली जातात, त्याच नगरीच्या अनेक मोहल्ल्यांत वैशाख-ज्येष्ठात हापसे कोरडे पडतात. गंगेची धोक्याची पातळी येथे 71.26 मीटर मानली जाते. 1978 च्या महापुरात ती 73.90 मीटरपर्यंत चढली होती. परंतु महापुराच्या वेळी वेढलेल्या घरातील माणसाला पिण्यासाठी घोटभर स्वच्छ पाणी मिळणे दुर्घट होते, आणि उन्हाळ्यात तीच नदी घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांपासूनही दूर गेलेली असते. विपुलता आणि दुर्भिक्ष्य ही दोन्ही एकाच वर्षात एकाच दारी येतात.

पूर्वीच्या काशीकरांना हे ठाऊक होते. म्हणूनच ती नगरी केवळ घाटांची नव्हती. ती कुंडांची, कूपांची आणि सरोवरांचीही नगरी होती. मणिकर्णिकेवरील चक्रपुष्करिणी, भदैनीजवळचा लोलार्ककुंड, दुर्गाकुंड, पिशाचमोचन, नागकुआँ, पंचक्रोशीच्या वाटेवरील कर्दमेश्वराचे तीर्थ, कपिलधारा ही नावे यात्रेकरूंच्या तोंडी आजही आहेत. यांतील दुर्गाकुंडाशी नाटोरच्या राणी भवानीचे नाव निगडित आहे. लोलार्ककुंडाच्या जीर्णोद्धाराशी पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांचे. चक्रपुष्करिणीविषयी तर परंपरा असे सांगते की, श्रीविष्णूने आपल्या चक्राने ती खोदली आणि हे घडले ते गंगा काशीत अवतरण्यापूर्वी! या आख्यायिकेचा मर्मार्थ लक्षात घेण्याजोगा आहे. काशीच्या स्वतःच्या स्मृतीत कुंड आधी आहे आणि नदी नंतर. येणाऱ्या प्रवाहावर विसंबून राहण्यापूर्वी आपल्या भूमीत पाणी धरून ठेवण्याची जागा करावी, हा क्रम त्यात सुचविला गेला आहे.

नगराच्या मध्यभागी मत्स्योदरी आणि मंदाकिनी अशी दोन मोठी सरोवरे होती. पावसाळ्यात सभोवारचे पाणी त्यांत उतरे. गंगेला पूर आला म्हणजे वरणेच्या मार्गाने पाणी मागे फिरून मत्स्योदरीपर्यंत येई आणि तो योग पुण्यकारक मानला जाई. 1820 ते 1830 या काळात जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी टांकसाळीच्या कामावर काशीत होता. विद्वान, परिश्रमी आणि या नगरीवर प्रेम करणारा असा हा मनुष्य होता; पुढे ब्राह्मी लिपी वाचून त्याने भारतीय इतिहासावर मोठेच उपकार केले. नगराचे आरोग्य सुधारावे या हेतूने त्याने भुयारी मोरी काढून ही सरोवरे गंगेत रिती केली. आज मैदागिन येथील उद्यानात मंदाकिनीचा लहानसा अवशेष उरला आहे. त्याचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. साचलेल्या पाण्यापासून रोगराई होते हेही खोटे नव्हते. परंतु जे पाणी वर्षभर भूमीत मुरत असे, ते काही घटकांत नदीला मिळू लागले. शुद्ध हेतूने केलेल्या कर्मालाही अग्नीला धूर असावा तसा दोष चिकटलेला असतो, हे अठराव्या अध्यायातील वचन येथे आठवते.

त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नळ आले. भदैनी येथे गंगेचे पाणी उचलावयाचे आणि भेलूपूर येथे शुद्ध करून घरोघर पोहोचवावयाचे, अशी ही योजना होती. तिच्यासाठी भदैनीतील राममंदिराला धक्का लागणार असे दिसताच 1891 मध्ये नगरीत मोठा दंगा उसळला होता. पुढे नळ रुळले आणि सोयीचेही ठरले. मात्र पाणी भिंतीतून येऊ लागताच ते आकाशातून येते याचा विसर पडत गेला. घरातील आड झाकले गेले, कित्येक कुंड बुजले, आणि जेथे नळाचे पाणी पुरेना तेथे कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. आज जगात सर्वांत अधिक भूजल उपसणारा देश भारत हाच आहे. ज्या चक्राचे वर्णन भगवंतांनी केले, त्यातून घेणे वाढले आणि देणे थांबले. गीतेने या स्थितीला दिलेले नाव वर आलेलेच आहे.

येथे पहिली शंका उपस्थित होते. दुसऱ्या अध्यायात भगवान म्हणतात की, सर्वत्र पाणी भरून राहिले असता लहानशा विहिरीचे जेवढे प्रयोजन, तेवढेच ज्ञानी पुरुषाला वेदांचे. मग गंगातीरी राहणाऱ्याने विहिरीची आणि टाक्याची चिंता का वाहावी? याचे समाधान असे की, तो दृष्टांत आहे, आणि दृष्टांत ज्या अटीवर उभा असतो ती अट सोडून त्याचा उपयोग करता येत नाही. ‘सर्वत्र पाणी भरलेले असता’ ही ती अट होय. ज्याला आत्मज्ञानाचा महापूर लाभला, त्याच्यापुरती ती पूर्ण होते. ज्येष्ठातील दुपारी हापशाचा दांडा रिकामाच हलवणाऱ्या बाईपुरती ती पूर्ण होत नाही. शिवाय, विहिरीचे प्रयोजन संपते असे म्हणणे वेगळे आणि विहीर बुजवावी असे म्हणणे वेगळे. दुसरी गोष्ट गीतेने कोठेही सांगितलेली नाही.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. चौथ्या आणि सहाव्या अध्यायांत साधकाला परिग्रह टाकण्यास सांगितले आहे. पाणी साठविणे हा परिग्रहच नव्हे काय? आकाशातून सर्वांसाठी पडलेले पाणी आपल्या टाकीत बंद करून तीवर झाकण घालणे आणि धान्याच्या कोठाराला कुलूप लावणे यांत भेद तो कोणता?

या शंकेचा विचार थोड्या हिशेबाच्या साहाय्याने करणे इष्ट होय. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. काशीत वर्षाला साधारणतः 1000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चातुर्मासातच येतो. तेव्हा 100 चौरस मीटर गच्चीवर वर्षभरात एक लक्ष लिटर पाणी उतरते. उन्हाने सुकणारे, उडून जाणारे आणि धुण्यात जाणारे वजा केले तरी 80,000 लिटर हाती राहण्यास हरकत नाही. शहरातील मनुष्यास दररोज 135 लिटर पाणी लागते असे शासकीय प्रमाण धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला ते सुमारे 118 दिवस पुरेल. आता या गृहस्थाने घरात 5,000 लिटरची टाकी बांधली, तर ती एका जोराच्या पावसात भरते आणि आठवडाभरात संपते. उरलेल्या पाण्याचे काय? घरात तर ते मावत नाही. म्हणजे निसर्गानेच येथे परिग्रहाला मर्यादा घातली आहे. गृहस्थाने आपल्या आठवड्याच्या गरजेपुरते ठेवावे, हा यज्ञशिष्ट भागासारखाच त्याचा रास्त वाटा होय. बाकीचे पाणी गटाराला द्यावयाचे की भूमीला, एवढाच निर्णय त्याच्या हाती उरतो. गटाराला दिले तर ते कोणाचेच राहत नाही. भूमीला दिले तर ते सर्वांचे होते.

हा ‘सर्वांचे होण्याचा’ विचार आपल्या धर्मशास्त्राने फार खोलवर केलेला आहे, आणि त्याचा एक प्रमाणग्रंथ काशीतच, एका महाराष्ट्रीय घराण्यात निर्माण झाला. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात सोळाव्या शतकात नारायणभट्ट झाले. त्यांचे नातू नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला जात असे, म्हणून तो अधिक प्रसिद्ध आहे. परंतु त्याच ग्रंथात ‘उत्सर्गमयूख’ नावाचा एक मयूख आहे, आणि त्याचा विषय आहे तलाव, विहिरी इत्यादींचे समर्पण.

उत्सर्ग आणि दान यांत शास्त्रकारांनी भेद केला आहे. दानाला घेणारा असावा लागतो. दाता अमुक वस्तू अमुक व्यक्तीला देतो. उत्सर्गाला असा ठराविक घेणारा नसतो. तलाव बांधणारा त्यावरील आपले स्वामित्व सोडतो आणि ते जल सर्व भूतांसाठी मुक्त करतो. या विधीत गाय पाण्यातून पार नेली जाते. उत्सर्ग झाल्यावर बांधणाऱ्याला त्या पाण्याचा उपयोग करता येतो की नाही, याचाही शास्त्रकारांनी विचार केला आहे. उपयोग करता येतो. मात्र स्वामी म्हणून नव्हे, तर सर्व भूतांपैकी एक म्हणून! मालकी जाते, गरज भागते. अपरिग्रहाची याहून स्पष्ट व्याख्या शोधून सापडणे कठीण आहे.

मराठी भाषेने हा सारा विधी दोन शब्दांत साठवून ठेवला आहे. एखाद्या वस्तूवरील हक्क कायमचा सोडला म्हणजे त्या वस्तूवर ‘पाणी सोडले’ असे म्हणतात. दानाच्या वेळी हातावरून उदक सोडण्याच्या प्रथेतून हा वाक्प्रचार आला. घरावर, शेतावर, पैशावर पाणी सोडण्याचे प्रसंग मनुष्याच्या आयुष्यात क्वचित येतात. छपरावरच्या पावसाच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष पाण्यावरच पाणी सोडण्याची संधी त्याला दरवर्षी लाभते. पन्हळीचे तोंड गटाराकडून शोषखड्ड्याकडे किंवा जुन्या आडाकडे वळविणे, हा आधुनिक गृहस्थाचा उत्सर्गविधी होय.

आता तिसरी आणि सर्वांत अवघड शंका. समजा, काशीतील एका गृहस्थाने हे सर्व केले. खर्च केला, खड्डा खणला, गच्ची स्वच्छ ठेवली आणि आपल्या छपराचे पाणी जमिनीत मुरविले. शेजाऱ्याने काहीच केले नाही. उलट त्याने खोल कूपनलिका घेतली आणि मनसोक्त उपसा चालविला. भूमीखालचे पाणी भिंती मानीत नाही. या गृहस्थाने मुरविलेले पाणी त्या शेजाऱ्याच्याच नळीतून वर येईल, आणि याचा हापसा कदाचित तसाच कोरडा राहील. मग हा शहाणपणा की भाबडेपणा? सत्कर्म करणाऱ्याने तोटा सोसावा आणि न करणाऱ्याने लाभ घ्यावा, हा धर्म कसा?

ही शंका ‘फलाची आशा धरू नको’ एवढे सांगून झटकून टाकणे योग्य नव्हे. तिच्यात न्यायाची मागणी आहे आणि ती खरी आहे. तिचे समाधान तीन पायऱ्यांनी करावे लागते.

पहिली पायरी अशी की, या गृहस्थाने शेजाऱ्यावर उपकार केला हे गृहीतच तपासले पाहिजे. तो आणि त्याचे वाडवडील आजवर जे पाणी प्याले, ते कोणाच्या तरी छपरावरून, शेतावरून, कोणीतरी खणलेल्या तळ्यातून मुरलेले होते. त्या अनामिकांनी त्याची ओळख विचारली नव्हती. म्हणून तो जे जमिनीत सोडतो ते दान नसून ऋणाची परतफेड आहे. शेजारी आपले ऋण फेडीत नाही म्हणून याचे ऋण फिटल्यासारखे होत नाही. सावकाराच्या दारी कोणी हा युक्तिवाद मांडला तर तो हास्यास्पद ठरेल. तो पृथ्वीच्या दारीही ठरतो.

दुसरी पायरी सतराव्या अध्यायात आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला, कर्तव्य म्हणून, योग्य देशकाली दिलेले ते सात्त्विक दान, असे तेथे म्हटले आहे. सामान्यतः दाता घेणाऱ्याचे मुख पाहतो. कृतज्ञतेचा एक शब्द तरी कानी पडेल अशी आशा त्याच्या मनाच्या कोपऱ्यात असतेच. पावसाचे पाणी भूमीत सोडणाऱ्याला घेणाऱ्याचे मुख दिसणेच शक्य नाही. ते पाणी कोणत्या वर्षी, कोणत्या गल्लीत, कोणाच्या घागरीत चढेल हे तो जन्मभर जाणू शकणार नाही. निष्काम कर्माची उदाहरणे शोधावी लागतात. येथे ते कर्म आपल्या स्वरूपानेच निष्काम आहे, कारण फळ मातीखाली झाकलेले आहे.

तिसरी पायरी लोकसंग्रहाची. श्रेष्ठ मनुष्य जे आचरतो त्याचे इतर अनुकरण करतात, हे भगवंतांचे वचन सर्वज्ञात आहे. परंतु अनुकरणाची वाट पाहत बसावे आणि अतिउपशाला आळा घालू नये, असा त्याचा अर्थ नाही. समाजाने नियम करावेत, ते सर्वांना लागू करावेत आणि मोडणाऱ्याला जाब विचारावा, हेही लोकसंग्रहातच मोडते. तमिळनाडू शासनाने 2003 मध्ये राज्यातील सर्व इमारतींना पावसाचे पाणी धरण्याची व्यवस्था सक्तीची केली. नियमाने खड्डा खणून घेता येतो. परंतु दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी त्यातील गाळ काढण्याचे काम नियम करीत नाही, ते घरात राहणाऱ्याची बुद्धीच करते. नियम आणि वृत्ती या दोन्ही चाकांवर हा रथ चालतो. एक चाक नसले तर तो जागच्या जागीच फिरतो.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. फळाची आसक्ती नसावी याचा अर्थ कर्मात हयगय असावी असा नव्हे. योग म्हणजे कर्मातील कौशल्य, असे गीताच म्हणते. आणि जेथे फळ दुसऱ्याच्या घागरीत जाणार आहे, तेथे तर कौशल्य अधिकच लागते. कारण चूक झाली तर विषही दुसऱ्याच्याच घागरीत जाईल. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी, ज्यात गच्चीवरील धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, ते वेगळ्या तोंडाने सोडून द्यावे. पन्हळीच्या मुखाशी जाळी असावी. आडात किंवा खड्ड्यात जाण्यापूर्वी पाणी खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळले जावे. संडासाच्या टाकीपासून ही व्यवस्था दूर असावी. मोरीचे पाणी तर चुकूनही तिच्यात जाऊ देऊ नये. घरातील टाकी झाकलेली असावी, म्हणजे डास होत नाहीत. आणि ते पाणी पिण्यास घ्यावयाचे असल्यास उकळून घ्यावे. गटाराचे पाणी आडात सोडणारा मनुष्य खड्डा खणल्याचे समाधान मिळवील, परंतु तो शंभर अनोळखी माणसांच्या पाण्याचा अपराधी होईल.

याज्ञवल्क्यस्मृतीत एक लहानसा नियम आहे. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करणाराने आधी त्यातून मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत. वरवर पाहता हा शुद्धीचा आचार दिसतो; परंतु रोज शेकडो माणसे स्नानास येत असतील आणि प्रत्येक जण पाच गोळे गाळ काढीत असेल, तर तो तलाव कधी गाळाने भरेल काय? घेण्यापूर्वी थोडे द्यावे, वापरण्यापूर्वी थोडे राखावे, हा त्या नियमाचा आशय होय. नळाची तोटी फिरविणाऱ्याला पाच गोळे काढावे लागत नाहीत. म्हणूनच त्याला आपल्या ऋणाची आठवण वेगळ्या मार्गाने ठेवावी लागते.

ज्यांना छप्परच नाही, अथवा जे भाड्याच्या एका खोलीत राहतात, त्यांच्यावर हा धर्म लादता येणार नाही. उलट, तहानेची झळ प्रथम त्यांनाच पोहोचते. ज्याची गच्ची मोठी त्याच्यावर ऋणही मोठे. आणि मठ, मंदिरे, धर्मशाळा, विद्यालये यांच्या गच्च्या तर सर्वांत मोठ्या असतात. गंगास्नानाला येणाऱ्या यात्रेकरूला उतरवून घेणाऱ्या धर्मशाळेने आपल्या छपराचे पाणी भूमीला दिले, तर तिच्या नावातील ‘धर्म’ हा शब्द अधिक सार्थ होईल.

एकनाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका 1573 मध्ये काशीतच पूर्ण केली. त्याच महाराजांविषयी महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाणारी कथा अशी की, रामेश्वराला वाहण्यासाठी उत्तरेतून आणलेले कावडीतील गंगोदक त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. बरोबरच्या यात्रेकरूंना वाटले, यात्रा व्यर्थ गेली. नाथांना वाटले, रामेश्वर येथेच भेटला. नाथांना तहानलेला जीव समोर दिसत होता. आजच्या गृहस्थाला तो दिसत नाही; तो पुढील वर्षीच्या ज्येष्ठात, दुसऱ्या एखाद्या गल्लीत, रिकामी घागर घेऊन उभा असणार आहे. न दिसणाऱ्या त्या जीवासाठी, श्रावणातल्या एखाद्या रात्री गच्चीवर पाऊस कोसळत असता, ज्याच्या पन्हळीचे तोंड आडाकडे वळलेले आहे, त्याने आपल्या वाट्याचे पाणी सोडले असे म्हणावे. ते कोठे गेले, हे त्याला कळण्याचे कारण नाही. चक्र फिरत राहिले, एवढे पुरे आहे.